डोळ्यांचे हसू आणि त्याची इंग्रजी नावे

मराठी रंगभूमीच्या आरंभकाळातील प्रयोगांची नावे चाळीत असता 'नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूचा फार्स' असे एक नाव समोर येते आणि आजचा वाचक तेथे क्षणभर थबकतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्यास ठार केले. काकांच्या कमरेस घातलेली ती मिठी महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. अशा प्रसंगास 'फार्स' म्हणणारा मनुष्य निर्दय असावा, निदान त्यास इंग्रजी तरी येत नसावे, असे प्रथमदर्शनी वाटते. 'अफझलखानाच्या मृत्यूचा फार्स' हेही नाव त्याच काळातले. या दोन्ही खेळांत प्रेक्षकांस हसविण्याचा हेतू मुळीच नव्हता. मग हसण्याचा शब्द येथे आला कसा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या डोळ्यांपुढे घडणाऱ्या हास्यास्पद गोष्टीस कोणत्या नावाने संबोधावे या बाबतीत गेली पावणेदोनशे वर्षे आपण इंग्रजीकडे पाहत आलो आहोत, आणि त्या पाहण्यात काय मिळाले व काय हातचे गेले याचा हिशेब या एका शब्दापासून मांडता येतो.

आम्ही राहतो त्या नवी मुंबईत वाशी येथे महानगरपालिकेचे नाट्यगृह आहे, त्यास विष्णुदास भावे यांचे नाव दिलेले आहे. तेथे आज बहुधा दोन अंकी विनोदी नाटके होतात व ती पाहण्यास आमच्यासारखी पांढरपेशी कुटुंबे जातात. नाट्यगृहावरील नाव मात्र ज्यांचे, त्या भाव्यांच्या नाटकात आजच्या अर्थाने लिहिलेला विनोद जवळजवळ नव्हता. १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. त्या पद्धतीच्या खेळात सूत्रधार पद्ये गाई, पात्रे प्रसंगानुसार आयत्या वेळी भाषणे करीत, झाडपाला गुंडाळलेला विदूषक वनचराच्या वेषात नाचत येऊन सूत्रधाराशी हुज्जत घाली, आणि राक्षस आले की राळेचा भडका उडवून आरोळ्या ठोकीत रंगभूमी दणाणून सोडीत. पाहणाऱ्यास भय, कौतुक आणि हसू या तिन्हींचा लाभ एकाच तिकिटात होत असे. १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईस आली आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे खेळ झाले.

याच नाटकगृहाने आपणांस 'फार्स' दिला. मुंबईच्या इंग्रज हौशी मंडळींची रीत अशी होती, की मुख्य गंभीर नाटक संपले म्हणजे घरी जाण्यापूर्वी एक लहानसा हास्यकारक खेळ करावयाचा. पारशी मंडळींनी ती उचलली. १८५३ साली त्यांनी रुस्तुम-सोहराबाचा प्रयोग केला तेव्हा त्यासही शेवटी एका फार्साची जोड होती. मराठी मंडळ्यांनी त्या दशकाच्या मध्यास तेच केले. परंतु त्यांनी त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहिला नाही, त्याची जागा पाहिली. पौराणिक नाटकानंतर जो लहान, गद्य, पदांवाचून चालणारा, अलीकडच्या माणसांचा खेळ होतो तो 'फार्स', अशी त्यांची समजूत झाली. मग त्या जागेवर दारुड्याची फजिती आली काय आणि पेशव्याचा खून आला काय, नाव तेच. या समजुतीस कोणी अज्ञान म्हणेल. आम्हांस ती मोठी सरळ वाटते. कारण युरोपातही या शब्दाचा जन्म जागेवरूनच झालेला आहे. लॅटिन भाषेतील 'सारण भरणे' या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. प्रार्थनेच्या आणि पुढे धार्मिक नाटकांच्या मधल्या फटींत जे भरीचे घालीत ते 'फार्स'. आपल्याकडील 'पुरण' या शब्दाची कुळकथा हीच आहे. गंभीर पोळीच्या पोटात हसण्याचे पुरण, हा मूळ भाव ध्यानात घेतला म्हणजे ग्रँट रोडवरील त्या नटांनी शब्दाचा गाभा नकळत बरोबर पकडला होता, असेच म्हणावे लागते.

दुसरा शब्द 'बुकिश'. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे लिहिलेले, छापलेले, स्वतंत्र नाटक निघाले, आणि पुस्तकावरून करावयाच्या नाटकांस 'बुकिश नाटके' असे नाव पडले. इंग्रजीत हा शब्द कोणी आपल्या अंगावर घेत नाही. पुस्तकात बुडालेला, व्यवहारशून्य, असा त्यात टोमणा आहे. मराठीत तो मानाचा झाला. बुकिश नाटक म्हणजे शिकलेल्यांचे नाटक, आणि उरले ते 'अललडुर्र'. राक्षसांच्या आरोळीवरून पडलेले हे दुसरे नाव मात्र शुद्ध मराठी आणि शुद्ध तिरस्काराचे. येथे वाचकांनी थोडे थांबावे. एक पिढी मागे ज्या खेळाने राजे-सरदारांचे डोळे दिपले, त्यास नव्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मंडळींनी एका आरोळीच्या नक्कलेत निकालात काढले. त्यात दोष नव्हते असे नाही. राक्षसाच्या किंकाळीस काही सीमा असावी. पण त्या थट्टेत राक्षसाबरोबर वनचरही गेला. जे पाहून हसू येते ते गावंढळ आणि जे वाचून हसू येते ते सुसंस्कृत, ही वाटणी तेव्हा झाली व ती करणारे आमचेच पूर्वज होते.

वास्तविक अशी वाटणी करण्याची आपणांस गरज नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे तीन उगम सांगितले आहेत: अंग, नेपथ्य आणि वाक्य. शरीराच्या ठेवणीने वा हालचालीने होणारे ते अंगकृत. वेष, अलंकार, रंगभूषा यांच्या विपरीतपणाने होणारे ते नेपथ्यज. आणि बोलण्याने होणारे ते वाक्यकृत. तिहींपैकी दोन डोळ्यांची आहेत. विदूषकाचे वर्णनही प्रथम डोळ्यांसाठीच केलेले: ठेंगू, कुबडा, पुढे दात आलेला, टकला, पिंगट डोळ्यांचा. भरताने हसणाऱ्यांच्या उत्तम, मध्यम, अधम अशा पायऱ्या जरूर लावल्या. उत्तमांनी स्मित आणि हसित करावे, मध्यमांनी विहसित व उपहसित, अधमांनी अपहसित व अतिहसित. परंतु अंगाचे हसू अधमांचे व वाक्याचे उत्तमांचे, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. पायऱ्या हसण्याच्या आवाजास आहेत, हसू उत्पन्न करणाऱ्या कारणास नाहीत. हा भेद पुढे पुसला गेला तो आमच्या मते संस्कृताच्या अभ्यासाने नव्हे, इंग्रजी टीकाग्रंथांच्या अर्ध्या वाचनाने.

त्या ग्रंथांत दोन शब्दांचा फार बोलबाला होता, ह्यूमर आणि विट. एकात सहृदय, खेळकर जीवनदृष्टी. दुसऱ्यात बुद्धीची चमक व शब्दांची चकमक. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'नी मराठीत विनोदास ग्रंथाची प्रतिष्ठा दिली, नरसिंह चिंतामण केळकरांनी १९०८ साली 'सुभाषित आणि विनोद' व पुढे १९३७ साली 'हास्य-विनोद-मीमांसा' लिहून त्यास शास्त्राची बैठक दिली. या दोघांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या मागून आलेल्या आम्हा अध्यापकवर्गाने या दोन इंग्रजी शब्दांस मराठी प्रतिशब्द जुळविण्यात जितके श्रम केले, त्याचा दशांशही डोळ्यांच्या हसण्यास नाव शोधण्यात केला नाही. त्याच्या वाट्यास आले ते शब्द पाहा: आचरटपणा, पाचकळपणा, थिल्लर चाळे, अंगविक्षेप, माकडचेष्टा. हे शब्द वर्णन करीत नाहीत. ते शिक्षा ठोठावतात. गंमत अशी, की ज्या ह्यूमरची आपण इतकी पूजा केली तो शब्द स्वतःच अंगातून आलेला आहे. शरीरातील चार रसांस जुने युरोपीय वैद्य ते नाव देत. आपल्या वात-पित्त-कफांचा तो चुलतभाऊ. ज्याच्यात एक रस फाजील झाला तो विक्षिप्त, आणि विक्षिप्ताकडे पाहून लोक हसत. म्हणजे तेथेही आधी शरीर, मागाहून साहित्य.

माकडचेष्टेचा उल्लेख आलाच आहे तर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांस विसरून चालणार नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. तो चमत्कार पाहून भाटवडेकरांनी कॅमेरा मागविला आणि १८९९ साली त्यांनी जी पहिली चित्रे घेतली त्यांत एक पहिलवानांची कुस्ती होती व दुसरे माकडे शिकविणाऱ्याचे होते. हिंदी माणसाने चित्रपटाचे यंत्र हाती घेताच त्याचा डोळा अंगकृताकडे वळला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. त्याच्या जाहिरातीत एकट्या हरिश्चंद्रावर भिस्त ठेवलेली नव्हती. सोबत एका मडमेचा नाच, पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू, एक 'कॉमिकल स्केच' आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' असा सरंजाम होता. सत्त्वासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या शेजारी टिप-टॉप कॉमिक्स! ग्रँट रोडची रीत साठ वर्षांनी पडद्यावर आलेली होती. गंभीर पोळीस पुरण पुन्हा लागलेच. तथापि फाळके स्वतः हास्याचा लहान चित्रपट करावयास बसले तेव्हा त्यांनी नाव ठेवले 'पीठाचे पंजे'. 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या चित्रपटाबरोबर तो दाखविण्यात आला. फार्स नाही, कॉमिक नाही. कणकेने माखलेले हात पुढे येतात आणि नावच दृश्य होते. दृश्य हास्यास नाव देण्याचा याहून चोख नमुना आम्हांस मराठीत दुसरा आठवत नाही.

मुक्या चित्रपटांच्या काळात बोलण्याचा आधारच नसल्यामुळे डोळ्यांच्या हसण्यास सारे राज्य मोकळे मिळाले, आणि त्याबरोबर एक नवा इंग्रजी शब्द जगभर झाला, 'स्लॅपस्टिक'. आज आपल्या वर्तमानपत्रांत कोणत्याही धसमुसळ्या विनोदास तो लावतात, म्हणून त्याची मूळ वस्तू सांगणे इष्ट आहे. दोन पातळ फळ्या एका मुठीत सैलसर बसवलेल्या; पाठीत हाणली की एकीवर दुसरी आपटून फटाक्यासारखा आवाज व्हावा आणि लागू मात्र काही नये. इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातील अर्लेकिनो हा विदूषक ती जवळ बाळगी. पंजाबातील भांड आपल्या जोडीदारावर जो चामड्याचा चमोटा फटकावतात, त्याचे कामही हेच. आवाज मोठा, इजा नाही, आणि इजा नाही हे पाहणाऱ्यास आधीपासून ठाऊक. या तीन अटी पुऱ्या झाल्या तरच ती वस्तू स्लॅपस्टिक होय. चॅप्लिन जिन्यावरून गडगडतो तेव्हा आपण हसतो, कारण तो झटकून उठणार याची हमी प्रयोगानेच दिलेली असते. रस्त्यावरच्या माणसाने अशी हमी कोणास दिलेली नाही.

येथे शब्दाच्या निवडीस काही वजन येते. आम्ही इंग्रजी शिकवितो. म्हणून एका पावसाळ्यात वर्गास पाहिलेल्या गमतीच्या प्रसंगावर लिहावयास सांगितले होते. तिघाचौघांनी योगायोगाने एकच प्रसंग निवडला. खाडीवरून येणारा वारा वाशी स्थानकाच्या बाहेर कसा भणाणतो हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. एका गृहस्थांची छत्री उलटली. ती सावरताना बगलेतील कागद उडाले. कागदांमागे धावताना छत्री सुटली. छत्रीमागे वळताना वहाण चिखलात रुतून राहिली आणि गृहस्थ बसले. एका विद्यार्थ्याने यास फार्स म्हटले, दुसऱ्याने स्लॅपस्टिक, तिसऱ्याने हिलेरियस. एका मुलीने हसण्याचा कोणताच शब्द न वापरता साधे 'ॲक्सिडेंट' लिहिले. चौघांनी पाहिले तेच, पण गृहस्थांच्या ढोपरास खरचटलेले तिला दिसले होते.

तिघांच्या शब्दांची परीक्षा करू. हिलेरियस हा शब्द प्रसंगाविषयी काहीच सांगत नाही; पाहणारा किती हसला एवढेच त्यातून कळते, म्हणजे भरताच्या भाषेत तो अतिहसिताची नोंद करतो. आजकाल तो मिठासारखा वापरतात, त्यामुळे खारटपणापलीकडे त्याची चव राहिलेली नाही. स्लॅपस्टिक का चालत नाही ते वर आलेच. फार्स हा त्यातल्या त्यात जवळचा, कारण एक अडचण सोडविताना दुसरी उभी राहावी, दुसरीतून तिसरी, आणि मनुष्य स्वतःच्याच धावपळीत गुरफटावा, ही फार्साची रचना त्या छत्रीत आहे. तरी फार्सास कोणी रचणारा लागतो. वारा काही नाटककार नव्हे. सरळ इंग्रजीत लिहावयाचे तर 'कॉमिकल' बरा. कॉमिक म्हणजे हसविण्यासाठी केलेले, कॉमिकल म्हणजे हसू येईल असे झालेले. हा भेद इंग्रजही सदैव पाळतात असे नाही, आणि कोरोनेशनच्या जाहिरातीने तर तो साफ उलटा केला होता. तरीही तो पाळण्याजोगा आहे. आणि मराठीत? 'तारांबळ'. त्यात वाराही आहे, वहाणही आहे, आणि त्या गृहस्थांविषयी थोडी आपुलकीही आहे; तारांबळ आपली सुद्धा होते. 'फजिती' म्हटले की चारचौघांत मान खाली गेली, 'त्रेधा' म्हटले की दिशा सुचेना, 'शोभा झाली' म्हटले की बोलणाऱ्यास थोडा आनंदच झालेला आहे. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात आरंभीच रस्त्यात धावता धावता अडखळून पडणारा मनुष्य घेतला आहे. जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला की हसू येते, आणि ते हसू येण्यास हृदय काही वेळ बधिर व्हावे लागते, असे त्याचे म्हणणे. मोठे मार्मिक आहे. परंतु त्या बधिरपणाच्या अनेक छटा असतात, आणि मराठीत त्यांना निरनिराळे शब्द आहेत, हे पॅरिसमध्ये बसून त्यास कोठून कळणार?

नेपथ्यज हास्याची, म्हणजे वेषाच्या हसण्याची, मराठी शब्दसंपत्ती तर याहून नवलाची. कोणी विजोड कपडे घालून आला की घरातील वडील मंडळी म्हणतात, 'काय हा अवतार!' केस विस्कटलेले, शर्ट उलटा, तर 'काय ध्यान आहे!' अवतार विष्णूचे. ध्यान म्हणजे उपासनेसाठी डोळ्यांपुढे आणावयाचे देवाचे रूप. देवघरातले दोन शब्द माजघरात येऊन हसू लागले. यात अश्रद्धा नाही. ज्यांनी दक्षिण कोकणात दशावतार पाहिले आहेत त्यांस हे लगेच उमजेल. तेथे देवाच्या आगमनापूर्वी काळ्या पोशाखातला संकासुर येऊन साऱ्या गावाची टर उडवितो, आणि त्याच रंगमंचावर थोड्या वेळाने पूजनीय पात्रे उभी राहतात. रूप पाहणे ही क्रिया एकच. तिचा शेवट हात जोडण्यात होतो की हसण्यात, एवढेच काय ते अंतर. इंग्रजीत याच्या जवळ जाणारा एक वाक्प्रचार आहे, तो विद्यार्थी सहसा वापरीत नाहीत. अस्ताव्यस्त दिसणाऱ्या माणसाविषयी तो 'साइट' दिसतो असे इंग्रज म्हणतात, म्हणजे नुसते 'दृश्य'. 'अवतार' याचे भाषांतर करावयाचे झाल्यास फनी, वीअर्ड वगैरे विशेषणांच्या मागे न लागता हे एक नाम घ्यावे. 'स्पेक्टॅकल' हा शब्दही त्याच घराण्यातला. स्वतःचे स्पेक्टॅकल करून घेणे म्हणजे आपला 'तमाशा' करून घेणे.

तमाशा! या शब्दाशी आल्यावर हिशेबाची दुसरी बाजू उघडते. अरबीत याच्या मुळाशी चालण्याचा धातू आहे. फिरत फिरत पाहणे, आणि मग फारसीतून पाहण्याजोगी वस्तू, असा अर्थ झाला. मराठीत पेशवाईत त्याने एका लोककलेचे रूप घेतले. रामजोशी, होनाजी बाळा यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत या कलेची जी परंपरा चालली तिच्या लावण्यांची वाखाणणी आता पांढरपेशा समाजही करतो, परंतु बतावणीकडे त्याचे लक्ष अजून गेलेले नाही. बतावणी या नावातच दाखविण्याचा भाव आहे. गौळणीतील मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला तो पुरुष, तोंड उघडण्यापूर्वीच चालीने प्रेक्षकांस जिंकतो, आणि सोंगाड्या वाक्य अर्धे सोडून उरलेले अंगाने पुरे करतो. भरताची तीनही हास्ये तेथे एका फळीवर नांदत होती. मात्र त्या फळीजवळ बसणाऱ्यांनी नाट्यशास्त्र वाचलेले नव्हते, आणि ज्यांनी वाचले होते ते तेथे बसत नव्हते, निदान उघडपणे बसत नव्हते.

इंग्रज अधिकाऱ्यांनी हा शब्द उचलला. हेन्री यूल व बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानी इंग्रजीचा जो 'हॉब्सन-जॉब्सन' कोश प्रसिद्ध केला त्यात तो नोंदलेला आहे. दरबार असो, मिरवणूक असो, साहेबाच्या बंगल्यावरची मेजवानी असो, जे काही गर्दीचे आणि भपक्याचे ते तमाशा. म्हणजे ज्या शतकात आपण डोळ्यांच्या हसण्यासाठी इंग्रजांकडून फार्स घेत होतो, त्याच शतकात ते डोळ्यांच्या करमणुकीसाठी आपल्याकडून तमाशा नेत होते. आणि दोन्ही शब्दांचे दैव एकच झाले. आज आपण 'चौकशीचा फार्स' म्हणतो तेव्हा हसत नाही, संतापतो. 'तमाशा करू नका' म्हणतो तेव्हा ढोलकी मनात नसते. पाहण्याच्या सुखास दिलेला शब्द दोन्ही भाषांत हळूहळू लबाडीच्या आणि बेशिस्तीच्या अर्थाकडे घसरला. गोविंद बल्लाळ देवलांस याची जाणीव असावी असे वाटते. इंग्रजीमार्गे आलेल्या मूळ फ्रेंच कथानकावर त्यांनी १८९३ साली जे गद्य नाटक रचले त्यावर फार्साचा शिक्का न मारता त्यांनी नाव ठेवले 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. १९१६ साली त्याचेच 'संगीत संशयकल्लोळ' झाले. घोटाळा आणि कल्लोळ, दोन्ही डोळ्यांस दिसणारे शब्द. पुढे घोटाळाही सरकारी खर्चाच्या बातम्यांत गेला ही गोष्ट वेगळी.

एका नटाविषयी लिहिल्यावाचून हा विषय सोडवत नाही. चि. वि. जोश्यांच्या चिमणरावास 'लग्न पहावे करून' या १९४० सालच्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी देह दिला. त्याच्या आदल्या वर्षी अत्र्यांच्या 'ब्रँडीची बाटली'त ते बगाराम झाले होते. त्यांची दृष्टी तिरळी होती. पडद्यावर त्यांचा चेहरा येताच हशा पिके, आणि त्या हशातला किती भाग अभिनयास होता व किती डोळ्यांच्या व्यंगास, हे वेगळे करणे कठीण. भरताने हास्याच्या कारणांत 'व्यंगदर्शन' घातले आहे, आणि आपण कार्टूनला 'व्यंगचित्र' म्हणतो तेव्हा तोच शब्द नकळत चालवितो. शरीरातील उणीव पाहून हसणे हा त्याचा उघडा अर्थ, आणि तो आज कोणा सुशिक्षित घरात मुलांस शिकवीत नाहीत. मग दामुअण्णांचे काय करावयाचे? त्यांचे चित्रपट पुन्हा पाहावे. चिमणराव ज्या गोष्टीकडे पाहत आहे ती त्याच्या समोर नाही असे क्षणभर वाटते, आणि व्यवहारात नेमके तसेच घडते. त्याचे सारे जीवनच थोडे बाजूस पाहण्यात गेलेले असते. लेखकाने वाक्यात ठेवलेला भाबडेपणा नटाने डोळ्यांत आणून ठेवला. त्यास कोणी ग्रोटेस्क म्हणेल तर आम्ही ते मान्य करणार नाही. ग्रोटेस्कमध्ये पाहणारा मागे सरकतो. दामुअण्णांकडे पाहताना तो पुढे वाकतो.

विद्यार्थी विचारतात, सोंगाड्यास इंग्रजीत काय म्हणावे? १९७१ साली दादा कोंडक्यांचा त्या नावाचा चित्रपट आल्यापासून हा शब्द शहरातही सर्वांच्या तोंडी आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. क्लाउन म्हणावे तर तो शब्द मुळात खेडवळ, अडाणी मनुष्य या अर्थाचा. शहराने खेड्यास हसून तो विदूषकावर चिकटवला. बफून इटालियनमधील गाल फुगविण्याच्या क्रियेवरून आला, त्यात अंग आहे पण बुद्धी नाही. जेस्टर राजाच्या पदरी असतो. कॉमेडियन म्हटले की सूट घालून ध्वनिक्षेपकापुढे एकटाच उभा राहिलेला गृहस्थ दिसू लागतो. सोंग घेणारा, सोंग आहे हे लपवून न ठेवणारा, पाटलाच्या तोंडावर पाटलाची चाल चालून दाखविणारा आणि तरीही त्याच गावात रात्री जेवणारा मनुष्य यांपैकी एकाही शब्दात मावत नाही. आम्ही मुलांस सांगतो, सोंगाड्या असेच रोमन अक्षरांत लिहा व पुढे एक वाक्य त्याच्या वर्णनास खर्ची घाला. यूल आणि बर्नेल यांच्या कोशात तमाशा मावला, त्याअर्थी एका सोंगाड्यास इंग्रजीत जागा होण्यास हरकत नसावी.